अक्षयाचे चित्र कोणी उजळू नये

मी, अहिल्या विलास पोतनीस, वय वर्षे ७८, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार वैशाली, गाझियाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर अनुराग यांनी तपासले आहे. मुलगा सुधन्वा याला शंका असल्यास त्याने त्यांना विचारावे, मला नव्हे.

१. बँकेतील ठेव मी शिकवत असे त्या शाळेला, फक्त रंग व कागद घेण्यासाठी. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला द्यायची तिथे पद्धत होती. या पैशातून गणिताचे एकही पुस्तक घेऊ नये.

२. दिल्लीतील बड्या साहेबांची व्यक्तिचित्रे मी आयुष्यभर काढली. साहेब समोर बसत आणि मागून बाईसाहेब रंग जरा उजळ करायला सांगत. मी केला नाही. त्यापायी परत आलेली चित्रे माळ्यावर आहेत. साहेबांच्या नातवंडांनी मागितल्यास फुकट द्यावीत. आजोबा खरे कसे दिसत, हे त्यांना कळलेले बरे.

३. नात अक्षया हिचे पुढच्या महिन्यात लग्न आहे. हॉलच्या दाराशी लावण्यासाठी तिचे चित्र मी काढले आहे. अक्षया माझ्यासारखी सावळी आहे. सुधन्वा म्हणाला, "आई, थोडी गोरी कर ना यार. मुलाची मम्मी बोलतेय, एंट्रीलाच असणार, अच्छा दिसलं पाहिजे." मी नाही म्हटले. तेव्हा म्हणाला, "मग दुसऱ्याकडून करून घेतो. लग्न मोडलं तर तू जबाबदार." अक्षया शेजारीच होती. ती म्हणाली, "बाबा, मी आहे तशीच राहू दे." मला तिचा फार अभिमान वाटला.

सबब ते चित्र आजपासून अक्षयाचे. तिच्या परवानगीशिवाय त्याला कोणी ब्रश लावू नये, बापानेही नाही. सुधन्वासाठी मी पांढऱ्या रंगाची न उघडलेली ट्यूब ठेवत आहे. हवी तर त्याने ती स्वतःला लावावी.

४. हा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला व माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो अक्षयाला. लग्न झाले तरी तिचा, मोडले तरी तिचा. तिला कोणाच्या पसंतीवर जगावे लागू नये. चित्र हॉलच्या दाराशी चालत नसेल, तर या घराच्या दाराशी लावावे. खिळा मी आजच ठोकला आहे.

सही: अहिल्या विलास पोतनीस

साक्षीदार:
१. डॉ. अनुराग भाटिया
२. सुमित्रा बळवंत केळुसकर, शेजारीण (चित्र पाहिले. हुबेहूब अक्षया आहे.)

ठिकाण: गाझियाबाद
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५