डुगडुगता चिरा

॥ श्री ॥

तळसरे, वरची वाडी
९ फेब्रुवारी २०२५

ती. नंदूदादास शेवंतीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे धडधाकट आहेत. परवा फोनवर तू तिसऱ्या वाक्याला माझं बोलणं तोडलंस आणि पाचव्याला मी फोन ठेवला. कागदावर तरी तुला बहिणीचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

तुझ्या कानावर आलंय ते खरं आहे. एक मेच्या ग्रामसभेत मी आपल्या वाडीच्या रस्त्याचा ठराव ठेवतेय. खालच्या एसटी थांब्यापासून वाडीपर्यंत सिमेंटचा रस्ता. दुसरी जागा नाही, म्हणून तो पाखाडीवरूनच न्यायचा. जांभ्याच्या एकशे अठरा पायऱ्या उखडाव्या लागतील. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण न लिहून काय होणार?

गेल्या श्रावणात शेजारची कमळकाकू परसात घसरली आणि तिचा खुबा मोडला, हे तुला माहीत आहे. पुढचं कुणी सांगितलं नसेल. डोलीला चार खांदे लागतात. वाडीत तेव्हा पुरुष दोन, त्यातल्या एकाला मोतीबिंदू. खालच्या वाडीतून माणसं येईपर्यंत अडीच तास म्हातारी ओट्यावर दात आवळून पडली होती. मला म्हणाली, बाय, मला गोणीत घाल आणि पाखाडीवरून सोड. ती हसली, मी हसू शकले नाही. लेकाकडे चेंबूरला तीन महिने राहून दिवाळीला परत आली, कारण दहाव्या मजल्यावर कोंबड्या पाळता येत नाहीत. आता वॉकर घेऊन अंगणात फिरते. अंगणाच्या पलीकडे जग संपलं तिचं.

मी सरपंच झाले तेव्हा तूच म्हणालास की शेवंते, वाडीसाठी काहीतरी करून दाखव. तेच करतेय.

सुयोगला आणि सूनबाईला आशीर्वाद. सोबत कोकमाचं आगळ पाठवलंय. राग आला तर दोन चमचे पाण्यात घालून घे, पित्ताला बरं.

भांडलास तरी लोभ आहे तेवढाच ठेव.

तुझी,
शेवंती


दहिसर (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

चि. शेवंती हिस नंदूदादाचे अनेक आशीर्वाद.

आगळ मिळालं. दोन चमचे पुरले नाहीत.

रविवारी आपल्या ग्रामस्थ मंडळाची सभा माझ्याच घरी घेतली. मालाडपासून मुलुंडपर्यंतची माणसं आली होती. सचिव या नात्याने लेखी हरकत सोबत जोडली आहे. ती सरपंचांसाठी. खालचं बहिणीसाठी.

अगं, ती पाखाडी काय कुणा ठेकेदाराने बांधली? मुंबईला नोकरीसाठी निघणाऱ्या प्रत्येकाने जाण्याआधी एक चिरा घडवून बसवायचा, ही आपल्या वाडीची रीत. बाबा गिरणीत लागायला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. वरून नववा चिरा त्यांचा. माझी पाळी येईपर्यंत ती रीत मोडली होती. मी ट्रंक उचलली आणि तसाच निघालो, त्याची रुखरुख अजून जात नाही. आमच्या सगळ्यांच्या बापांची आणि आजोबांची नावं त्या पायऱ्यांत आहेत, आणि तू त्यावर सिमेंट ओतणार.

बाबांचा चिरा डुगडुगतो, हे मान्य. ते गिरणीत मागावर उभे राहणारे कारागीर, गवंडी नव्हेत. पाऊणशे वर्षं गाव त्यावर ठेचकाळतंय आणि आपल्या घराण्याचं नाव काढतंय. मंडळाने ठरवलंय की पाखाडीची डागडुजी आम्ही करू, आणि पहिलं काम म्हणजे तो चिरा सिमेंट भरून पक्का करू. मला लहानपणापासून त्याची लाज वाटत आली आहे.

शिमग्याला येणं जमणार नाही. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत आणि तिथेही सचिव मीच. पण एकदा का हे मार्गी लागलं की परसामागच्या सपाट तुकड्यावर माझं घर सुरू करतो. नकाशा तयार आहेच. मग रोज समोरासमोर भांडू.

प्रकृतीस जपावे आणि दादाचंही कधीतरी ऐकावे, ही विनंती.

तुझा,
दादा


तळसरे
१७ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

शिमगा झाला. पालखी अंगणात येऊन गेली, तुझ्या नावाचा नारळ मी ठेवला. मुंबईची पोरं आली होती, तीन दिवस वाडी नुसती गजबजली होती. चौथ्या दिवशी पुन्हा आम्हीच. कमळकाकूचं म्हणणं असं की माणसाने खुबा मोडायचाच तर शिमग्यात मोडावा नाहीतर गणपतीत.

हरकत दप्तरी लावली आहे, पोच सोबत आहे. आता बहिणीचं उत्तर. तीन वर्षं झाली, तू वर आलेला नाहीस. दोन वर्षांपूर्वी गणपतीला खालच्या थांब्यापर्यंत आलास, चहा प्यायलास, आणि अंगात कणकण आहे म्हणून त्याच रिक्षाने परत गेलास. मी वर नैवेद्याचं पान वाढून बसले होते. गणपतीचं दर्शन तू फोटोत घेतलंस. ज्या पायऱ्यांसाठी तू एवढा जीव टाकतोस, त्या चढायला तुला सवड नाही. आम्ही डोक्यावर भारा घेऊन रोज चढतो, आणि आम्ही नको म्हटलं की आम्ही पापी. हे मला लागलं, दादा. स्पष्ट लिहिते.

तुझं नाव दहिसरच्या मतदार यादीत, तेव्हा सभेत हात वर करता येणार नाही. पण बोलता येईल. ये आणि बोल.

आणि बाबांच्या चिऱ्याला सिमेंट लावायचं नाही. हे मी नाही, वाडीतल्या बायका सांगतायत. का, ते पत्रात लिहिणार नाही. इथं येऊन विचार.

राग धरलास तरी पत्र धाडत जा.

शेवंती


दहिसर
२८ मार्च २०२५

प्रिय शेवंतीआत्यांना जान्हवीचा सा. नमस्कार.

हे पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या बाबांना, यातलं काही माहीत नाही. तुमचं मागचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणून सांगते.

आत्या, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. महिन्यातून एकदा खाली उतरतात ते बसून, एकेक पायरी सरकत. कुणी जिन्यात आलं की कठडा धरून उभे राहतात आणि फोनवर बोलायचं नाटक करतात. मंडळाची सभा आमच्या घरी होते ती म्हणूनच. दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्यांना कणकण वगैरे काही नव्हती. सुयोग सोबत होता. बाबा पहिल्या पाच पायऱ्या चढले आणि खाली बसले. सुयोगला शपथ घातली की आत्याला सांगायचं नाही.

डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. आई असत्या तर त्यांनी दटावून नेलं असतं. आमचं ऐकत नाहीत. घाबरतात, पण कबूल करत नाहीत. दुपारी मोबाइलवर पाखाडीचा फोटो मोठा करून बघत बसतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की पाखाडी जागेवर असली तर मी कधीतरी चढेन, उखडली तर मग बरं होऊन जायचं कुठे?

तुम्ही दोघं एकमेकांना पत्रांतून टोचताय आणि दोघांचीही वाट लागलीय. मला राहवलं नाही. माझं नाव सांगू नका ना, प्लीज.

तुमची माया अशीच असू द्या.

जान्हवी


तळसरे
१० एप्रिल २०२५

ती. दादास शेवंतीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे, कारण नवीन घडलंय.

परवा कमळकाकूने मला बोलावून घेतलं आणि विचारलं की रस्ता खालूनच का आणतेस? वर सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, डांबरी रस्ता आहेच. तिथून आपलं परस हाकेच्या अंतरावर, आज मधे उभी दरड आहे आणि पायवाटही नाही, एवढंच. तिथून आणला तर वाडीच्या डोक्यावर गाडी उभी राहील आणि पाखाडीचा एक दगडही हलणार नाही. मग कळलं की हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, कारण मधे सरपंचाची जमीन. माझी जमीन माझ्याकडे मागायची कशी, म्हणून सगळे गप्प. आणि मला ती दिसली नाही, कारण त्या तुकड्याकडे बघितलं की मला तिथं तुझं घरच दिसायचं.

तर आता मी मागते. रस्ता त्या सपाट तुकड्यावरूनच जाईल आणि तिथलं कापा फणसाचं झाडही जाईल. घर बांधायला दुसरी सपाट जागा आपल्याकडे नाही, हे तुला माहीत आहे. खोटी आशा दाखवत नाही. सातबाऱ्यावर आपण दोघं आहोत, तेव्हा तुझ्या संमतीशिवाय काही होणार नाही. तू नाही म्हणालास तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही, आणि ठराव पाखाडीवरूनच जाईल.

सोबत संमतीपत्र आहे. पोस्टाने पाठवलंस तरी चालेल. यायचं झालं तर सभा खाली शाळेत आहे, एसटी दारात थांबते. चढायचं काही नाही.

तब्येतीला जप. खरंच जप.

तुझी,
शेवंती


(पोस्टकार्ड)
दहिसर, १९ एप्रिल

चि. शेवंतीस आशीर्वाद. पत्र पावलं. निवृत्त झाल्यापासून तो नकाशा भिंतीवर आहे. खिडकी कुठे, तुळस कुठे, सगळं ठरलंय. मला विचार करू दे. फोन करू नकोस.

दादा

ता. क. चढायचं काही नाही, असं तू का लिहिलंस?


तळसरे, वरची वाडी
३ मे २०२५

चि. सौ. जान्हवीस अनेक आशीर्वाद.

सुयोग हे पत्र घेऊन येतो आहे. मी इथेच थोडे दिवस राहतोय.

पहिली गोष्ट, तू आत्याला पत्र लिहिलंस हे मला कळलं आहे. तिने सांगितलं नाही. पण जी बाई तीन वर्षं मला वर ये, वर ये म्हणते, ती एकाएकी चढायचं काही नाही असं उगीच लिहीत नाही. मी रागावलो नाही. दोन दिवस रागावलो होतो.

सभेला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन कागद होते. एक हरकतीचं भाषण आणि एक संमतीपत्र. कुठला काढायचा ते कणकवलीला उतरेपर्यंत ठरलं नव्हतं. शाळेत सगळं गाव जमलं होतं. मी कमळकाकूला शोधत होतो, लहानपणी तिने मला फार खाऊ घातलाय. शेजारच्या बाईला विचारलं, तर तिने वर वाडीकडे बोट दाखवलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिच्यासाठी रस्ता, तीच सभेला येऊ शकत नव्हती. वर एक खुबा अडकला होता आणि खाली दोन गुडघे. मधे एकशे अठरा पायऱ्या, आणि त्या कशा वाचवाव्यात यावर मी दोन पानी भाषण आणलं होतं.

मी उठून सही करून दिली. आत्या ठराव वाचत होती. सरपंच व त्यांचे बंधू यांनी स्वखुशीने, एवढं वाचून ती थांबली आणि ग्रामसेवकाने पुढचं वाचलं. पाखाडी गावाचा ठेवा म्हणून जतन करायची आणि दर वर्षी पावसाळ्याआधी सगळ्या घरांनी मिळून ती साफ करायची, असा दुसरा ठरावही झाला. त्यात मुंबईकरांचीही नावं घातली आहेत, मंडळाला कळव.

सभा संपली, मी सुयोगला म्हटलं, चल, परत निघू. बाहेर आलो तर पाखाडीच्या तोंडाशी खुर्ची ठेवलेली, दोन बाजूंनी बांबू बांधलेले. आत्या पदर खोचून उभी होती. सुयोग पुढे झाला, तर बायकांनी त्याला बाजूला काढलं. त्याची उंची त्यांच्या खांद्यांना जुळत नव्हती. बचत गटाच्या सहाजणी, त्यांत आत्याही. श्रावणात काकूची जी दशा झाली, त्यानंतर त्यांनी पुरुषांची वाट बघायचं सोडून दिलं आहे आणि डोली उचलायचा सराव केला आहे. मी म्हटलं, मी जड आहे. त्यांच्यातली शकु म्हणाली की ओल्या गवताचा भारा याहून जड असतो आणि तो गप्प बसतो.

मी शरमेने डोळे मिटून घेतले होते. बायका चढत होत्या, दम खात होत्या, माझ्या डोक्यावरून आपल्या सुनांच्या गोष्टी करत होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. अचानक खुर्ची किंचित कलली आणि खालून ठक असा आवाज आला. मी डोळे उघडले. बाबांचा चिरा. पुढच्या बांबूखाली आत्या होती. तिने खाली बघितलं नाही. बांबू खांद्यावर असल्यावर खाली बघता येतच नाही. तिने मागच्यांना सांगितलं की आठ राहिल्या, आणि सहाही जणींनी पकड बदलली.

वर आल्यावर मी तिला विचारलं. तिने सांगितलं ते असं. डोक्यावर हंडा असो की भारा, पाय कुठे पडतो ते बाईला दिसत नाही. नववा चिरा वाजला की समजायचं, आठच उरल्या, आता टेकायचं नाही, दम धरायचा. आमच्या आईनेही तसंच केलं, कमळकाकूनेही. मधे एका गवंड्याने तो नीट करायला घेतला, तर बायकांनी त्याला पिटाळून लावलं. जान्हवी, बाबांनी चिरा वाकडा बसवला म्हणून मी आयुष्यभर मान खाली घालत आलो. आणि इथल्या बायका पाऊणशे वर्षं त्याच्या आवाजावर घरी येत होत्या. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कधी डोक्यावर भारा घेतला नाही. मी काल अंगणात बसून चांगला रडलो. कमळकाकूने मला भाजलेले काजू दिले आणि कोंबड्या हाकलायला बसवलं.

आता कामाचं. मंडळाच्या ठरावातलं सिमेंटचं कलम काढून टाक. भिंतीवरचा नकाशा उतरव. आत्या म्हणते, जुन्या घरातली माजघराची खोली रिकामीच आहे, आणि मला तेवढी पुरे. आणि डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घे. हो, मीच लिहितोय. भीती वाटते, पण घे.

रस्ता दिवाळीपर्यंत होईल म्हणतात, तोवर मला इथून न्यायला-आणायला या सहाजणी आहेत. या गणपतीत पुन्हा खुर्चीतूनच येईन. फक्त नवव्या चिऱ्यावर मला खाली उतरवा, असं आताच सांगून ठेवलंय. पुढच्या आठ मी माझ्या पायांनी चढणार आहे.

सुयोगसोबत फणस पाठवतोय, त्या झाडाचा हा शेवटचा. नीट कापा, आठळ्या टाकू नका, जपून ठेवा. माया आहेच, ती दोन्ही घरांवर राहू द्यावी.

तुझा,
बाबा