थेंब थांबला तेव्हा

पनवेल, पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ट्रेमधला नमुन्याचा हातभर बांध आज पुन्हा फुटला. खाडीच्याच चिखलाचा. पायथ्याशी पाणी पाझरत होतं, ते आम्ही सिमेंटनं बुजवलं. थेंब थांबला, सगळे खूश, मीसुद्धा. मग आत कोंडलेल्या पाण्यानं बांधच ढकलून दिला.

घरी येताच उरणला मामाला फोन. खाडीचं पाणी अडवणाऱ्या गावच्या बांधाचा पाझर कसा आहे?

"बुजवला! आख्खी गावकी राबली, सिमेंट लावलं. आता थेंब नाय."

फोडा ते, माती धरायला वर खडी-वाळू टाका, पण पाण्याला वाट द्या! किती ओरडलो मी.

मामा हसला. "येडा झालास काय? उद्या उधाण हाय."

उधाण आहे म्हणूनच ना, मामा!

"थेंब नाय रे," तो म्हणत राहिला.

ट्रेमध्येही आधी थेंबच थांबला होता.