मालकही मीच, नटीही मीच

दुखान, कतार
फेब्रुवारी १९६३

प्रिय नजमा,

तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण तुझा अब्बा सध्या तेल कंपनीचा कारकून कमी आणि नाटक कंपनीचा मालक जास्त झाला आहे.

इथल्या क्लबात आम्हा हिंदुस्थानी लोकांना एक खेळ करायची परवानगी मिळाली. आमचे इंग्रज साहेब दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या नाटकवाल्यांच्या गोष्टी सांगतात. त्या काळी कंपनीचा मालकच नायक. तोच नाटकात काटछाट करी, तालमी घेई, मेणबत्त्या पुरतील का ते पाही, रुसलेल्या नटीची समजूत काढी आणि मग घाईघाईने मुकुट चढवून राजा होई. मला तो माणूस फार आवडला. त्याच्यावरच मी हिंदीत नाटुकलं लिहिलं. मालक अर्थात मी. नटी झाला वेल्डर नसरुद्दीन. त्याने मिशी काढायला साफ नकार दिला. पुढच्या महिन्यात गावी त्याचं लग्न आहे. शेवटी नटीला सर्दी झाल्याचं ठरवलं आणि तिच्या नाकाला रुमाल दिला.

ऐन पडदा उघडायच्या वेळी कुठेसा पाइप फुटला आणि नसरुद्दीनला कामावर बोलावलं. क्लब गच्च भरलेला. कतारी ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, करत टाळ्या वाजवू लागले. मग काय, मालकही मीच आणि नटीही मीच. डावीकडे टोप घालून ओरडायचं, उजवीकडे पळत जाऊन ओढणीत रडायचं. एकदा गडबडीत टोपावरच ओढणी घेतली, तर साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले.

त्या धांदलीत नटीचं एक वाक्य आलं. लोकांनी हसावं म्हणून मीच लिहिलेलं. “मालक, सगळं तुम्हीच करता. एकदा मला उभं तर राहू द्या.” लोक हसलेही. मी डावीकडे आलो, टोप घातला, आणि मालकाचं उत्तर काही केल्या आठवेना. नुसताच उभा राहिलो. लोकांना वाटलं, मालक विरघळला. टाळ्या पडल्या, पडदाही पडला.

कॉलेजच्या नाटकात काम करू का, असं तू विचारलं आहेस. तुझी आई नको म्हणते, आणि निर्णय माझ्यावर सोपवते. तर बेटा, काम कर. तुझ्या आईला, जैतूनला, मी वेगळं लिहिलं आहे. मोठ्याने बोल, शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं पाहिजे. आणि लोकांनी नावं ठेवलीच, तर खुशाल सांग, हा रोग बापाकडून आला.

तुझाच,
अब्बा