अनंताच्या कुंडीतली माती

४ फेब्रुवारी

अनंताची पानं पुन्हा पिवळी! शिरा तेवढ्या हिरव्या. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या या झाडानं कळी धरणंच सोडलं. कोपऱ्यावरचा नर्सरीवाला म्हणतो, "ताई, खतावर खत ओतू नका. आधी मातीचा पीएच बघा. अनंताला आंबट माती लागते. आकडा जितका कमी, तितकी माती आंबट." शाळेत याला सामू म्हणायचो. तेव्हाही डोक्यावरूनच गेला होता. पीएच मोजायच्या पट्ट्या घेऊन आले.

बाबा तसेच — भिंतीकडे तोंड करून. खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, तरी सासरेबुवा पलंग ते बाथरूम, एवढेच. आज डॉक्टर स्पष्टच बोलले, "आत्ता चालले नाहीत, तर कायमचे अंथरुणाला खिळतील." नवा कोरा वॉकर दाराआड उभा आहे. मी म्हटलं, बाबा, मागच्या अंगणात बसू या जरा. "कशाला?" बस्स. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

५ फेब्रुवारी

फजिती! चमचाभर माती, वाटीभर नळाचं पाणी, ढवळलं, पट्टी बुडवली — आठ. गंमत म्हणून दुसरी पट्टी नुसत्या पाण्यात बुडवली, तर तीही आठ! म्हणजे इतका वेळ मी नळाचीच परीक्षा घेत होते. वा, बाईसाहेब!

६ फेब्रुवारी

बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. माती वरवरची नाही, मुळांजवळची घेतली. गाळ खाली बसू दिला. साडेसात. हवा सहाच्या आसपास. नर्सरीवाल्यानं गंधकाची पूड दिली — "हळूहळू उतरेल. उतावीळपणा करायचा नाही." मला सांगतोय! कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडणाऱ्या बाईला!

२८ फेब्रुवारी

सात! नवरोबांना पट्टी दाखवली. "अरे वा, कुणाची तपासणी?" धन्य आहे.

१५ मार्च

साडेसहा!! शेंड्याला एक पान हिरवंगार. तशीच धावत बाबांच्या खोलीत गेले. "बाबा, आईंच्या अनंताची माती सुधारतेय!" किती दिवसांनी मान वळवली त्यांनी. "आणि पानं?" मी खरं ते सांगितलं — जुनी अजून पिवळीच आहेत. "मग त्याला ताकद कमी पडतेय," म्हणाले आणि पुन्हा भिंत.

चालणं नाही, व्यायाम नाही. कॅल्शियमच्या गोळ्या तेवढ्या न सांगता संपवतात. सकाळी ऑफिसला निघताना बशीत ठेवते, दुपारी बशी रिकामी. तेवढंच समाधान.

२९ मार्च

साडेसात. परत साडेसात! पट्टी बदलली, वाटी बदलली, पाणी बदललं. तेच. माझा भयंकर संताप झाला. नवरोबा गाडी धुतात, ते साबणाचं पाणी नक्की कुंडीत जात असणार. "मी? मी त्या कुंडीकडे ढुंकूनही बघत नाही!" "तेच तर!" दिवसभर अबोला.

२ एप्रिल

माती घ्यायला चमचा घातला तर पांढरे खडे लागले. खडूसारखे. एक जरा अख्खा होता. गोळी! बाबांची कॅल्शियमची गोळी! आणि त्याखाली अजून, अर्ध्या विरघळलेल्या. माझं डोकंच फिरलं. हाडांसाठी डॉक्टर देतात, मी बशीत वाढते, आणि हे गृहस्थ ती झाडाला चारतात! कॅल्शियम म्हणजे चुनाच की, माती आंबट होणार कशी! चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तरातरा निघाले.

दारापर्यंत आले आणि थबकले.

कुंडी अंगणाच्या पार टोकाला. मध्ये पायरी. मग गोळ्या तिथवर आल्या कशा?

परत फिरले. कुंडीभोवतीच्या ओल्या मातीत गोल गोल ठसे, वॉकरच्या पायांना असतात त्या रबरी बुटांचे. जुन्यांवर नवे. मी ऑफिसला गेले की रोज!

पायरीवर बसले आणि हसत हसत रडले. नवरोबांना बोलावून ठसे दाखवले. नुसतं नाक पुसत राहिले.

३ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. हसले. गोळ्यांऐवजी कॅल्शियमचं औषध लिहून दिलं, पातळ, गुलाबी. आता चमचा माझ्या हातानं! बाबांनी तोंड वेंगाडलं, पण प्यायले. ठशांबद्दल आम्ही दोघंही चकार शब्द काढणार नाही. कळलं म्हटलं की हट्टाला पेटतील.

आणि हो — नवरोबांकडून कुंडी सरकवून घेतली, पार फाटकापाशी. "तिथे ऊन चांगलं येतं," असं मीच मोठ्यानं म्हणाले, खिडकीतून ऐकू जाईल इतकं.

९ एप्रिल

ठसे फाटकापर्यंत.

२४ एप्रिल

सात. गंधक चालू. एक कळी! हिरवी, चिमुकली. बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी आधीच पाहिली असणार.

३० एप्रिल

ऑफिसात नर्सरीवाल्याचा फोन. "ताई, तुमचे सासरे आलेत. एकटेच, वॉकर घेऊन. म्हणतात, सूनबाई झाडाला गुपचूप गंधक घालते, तिला तुम्ही समजवा, त्याला कॅल्शियम लागतं! आणि त्या पट्ट्या त्यांनाही हव्यात. तुम्ही न्यायला येता का?"

म्हटलं, त्यांना खुर्ची द्या, पट्ट्या द्या, आणि भांडू द्या पोटभर. येतील ते त्यांचे चालत.