कुठला परसों?

॥ श्री ॥
सुलतान बाजार, हैदराबाद
ता. २८ सप्टेंबर १९५६

ती. दादांस सत्यवतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल आहोत. एक नोव्हेंबरला आपलं राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार, त्यामुळे कचेऱ्यांत दुसरं बोलणंच नाही. तुमचे जावई हिम्मतराव मुंबई राज्याच्या वाट्याला गेले. आता औरंगाबादला हजर व्हायचं. तारामतीनं त्यांच्याबरोबर जायचं की नाही, म्हणून हे पत्र.

दादा, ते तिला मारतात. कोठी भागातल्या आमच्या सखी मंडळाच्या बायका शिवण घेऊन पाळीपाळीनं तिच्या मलकपेठेतल्या ओट्यावर बसतात. भांडण नाही, उपदेश नाही, नुसती काजंबटणं. बाहेर बायका बसल्या की आत हात उठत नाही. औरंगाबादला ओट्यावर कोण बसणार? हिम्मतराव म्हणतात, तिचे वडील सांगतील तरच मागे ठेवीन. आणि तुमची लेकही तेच म्हणते, बाबा सांगतील तसं. आमच्या चिटणीस कुसुमताई तुम्हाला सविस्तर लिहितीलच.

वहिनींना नमस्कार. पुण्याच्या हवेत आमची आठवण विरू देऊ नका.

तुमची
सत्यवती


॥ श्री ॥
पुणे, ता. ६ ऑक्टोबर

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, कुसुमताईंचंही. त्यांनी तुझ्यापेक्षा नीट लिहिलंय. नवऱ्यानं कधी मारलं, असं त्यांनी ताराला विचारलं, तर ती परवा म्हणाली. म्हणजे परवा, एकदा. बदलीच्या धांदलीत माणसाचं डोकं फिरतं. वाईटच झालं, मी जावयांना चार शब्द सुनावतो. पण तेवढ्यासाठी घर मोडायचं? राईचा पर्वत करायची तुझी खोड जुनीच आहे.

तारानं नवऱ्याबरोबर जावं. मंडळानं कपडे शिवावेत, लोकांचे संसार उसवू नयेत.

वहिनी तुझ्या हातच्या बगाऱ्या बैंगनाची आठवण काढते. रुसलीस तरी मायेला खंड नको.

तुझा
एकनाथ


॥ श्री ॥
सुलतान बाजार, ता. ११ ऑक्टोबर

ती. दादांस नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून असा संताप आला की आधी तांब्याभर पाणी प्यायले, मग कुसुमताईंना गाठलं. तारा परवा म्हणालीच नव्हती, दादा. ती म्हणाली होती, ‘परसों मारलं.’ कुसुमताई माहेरच्या पुणेकर. त्यांनी परसोंचं सरळ परवा केलं आणि दिलं धाडून. त्यांचं एक वेळ ठीक. पण अहो, तुम्ही मलकपेठेत वाढलात! आपल्याकडे परसों कधी परवा असतो का? गेल्या वर्षीची दिवाळी परसों, तुमची मुंज परसों, आपली आई गेली तेही परसोंच.

मी ताराजवळ जाऊन बसले आणि विचारलं, बाई, कुठला परसों? तिनं एक मेदकला बदली होती तेव्हाचा सांगितला, एक गौरी जेवल्या त्या दिवसाचा, एक डाव्या कानाचा. त्या कानानं तिला अजून ऐकू येत नाही. इतके दिवस मी तिच्या डावीकडे बसून बडबडायचे आणि ती आपली मान हलवायची. मला रडू आवरेना.

कुसुमताई फार वरमल्यात. मंडळानं कोठीला एक खोली पाहिली आहे, शिवणाचं कामही देतील. नव्या कायद्यानं वेगळं राहता येतं, असं आमचे वकील सांगतात. पण तिला वकील नको, तुमचा शब्द हवा. हिम्मतरावांनी ट्रंका बांधायला काढल्या आहेत.

जास्त लिहीत नाही. बहीण म्हणून जीव लावता, तसा आज लेकीला लावा.

सत्यवती


॥ श्री ॥
पुणे, मंगळवार, ता. १६ ऑक्टोबर

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. कानाशी आल्यावर मला पुढे वाचवेना, तिनं वाचलं. रात्रीचं कुणी जेवलं नाही.

जावयांना मी लिहिणार नाही, तोंडावर सांगेन. तारा औरंगाबादला जाणार नाही. ती खोली मंडळाकडून पक्की करून ठेव. मी येईपर्यंत ओट्यावरची शिवण थांबवू नका, हे कुसुमताईंना माझ्या वतीनं हात जोडून सांग.

माझ्यावरचा राग टाकू नकोस, मी आलो की हवा तेवढा काढ. मात्र त्याच्या मागचा जिव्हाळा तेवढा शाबूत ठेव.

तुझा
एकनाथ

ता. क. ताराच्या उजवीकडे बसून तिला सांग, बाबा परवा निघतायत. आपला परसों नव्हे. पुण्यातला परवा, गुरुवार.