शिकारीला तुझे बाबा येत नाहीत

अल कुसैस, दुबई
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. शुभ्रास,

आईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, म्हणजे एसी चालू आहे आणि तुझे बाबा त्याच्यासमोर बसलेले आहेत. तुझ्याकडे म्हणे अजून रात्री दहापर्यंत उजेड असतो. जाड पडदे घे, झोप नीट होत नसेल तुझी.

व्हॉट्सॲपच्या जमान्यात पत्र कशाला, असं तुला वाटेल. गेल्या गणपतीत फोनवर तूच म्हणालीस, "आई, यू डोन्ट टॉक टू मी. यू मार्क मी." मी बोलत नाही, तुला गुण देते म्हणे! सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर माणूस दुसरं काय करणार? पुढे म्हणालीस, काही सांगायचं असेल तर लिहून काढ, एकदा वाच, टोमणे खोड, मग पाठव. त्यानंतर माझा फोन तू उचललेला नाहीस. तर लिहितेय. टोमणे खोडायला घेतले तर वरची तारीख तेवढी उरेल, म्हणून खोडत नाही. तुला मराठी सावकाश वाचता येतं ते बरंच आहे. टोमणा कळेपर्यंत तू पुढच्या ओळीवर गेलेली असशील.

बातमी अशी की तुझ्या बाबांचा व्हिसा आलेला आहे. चारुदत्तकाकांचाही आलाय. "कॅनडावाल्यांचं हल्ली काही खरं नाही, व्हिसा अडकला," असं तुला कळवलं ना? काही अडकलेलं नाही. बाबांचा पासपोर्ट माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, स्टिकर लावलेला, मी आत्ता बघून आले. ते घाबरले आहेत. दोघेही. एवढीच गोष्ट आहे, बाकी सगळी सजावट.

आता मला सांग, यांना सप्टेंबरात करायचं काय होतं? शिकारीचा परवाना तुझा, बंदूक तुझी, मारणार तू. दर वर्षी तुझ्याबरोबर येणारी ती मैत्रीण या वर्षी बाळंत झाली, म्हणून तुला ओझं उचलायला माणसं हवी होती. विमान तळ्यात उतरणार, तुम्हाला काठावर टाकून निघून जाणार आणि दहा दिवसांनी न्यायला येणार. वाटाड्या नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज नाही. जनावर पडलं की त्याचे तुकडे पाठीवर घालून तळ्यापर्यंत आणायचे. हमाली! जानेवारीत तू व्हिडिओ कॉलवर हे सांगितलंस तेव्हा बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले, "बेटा, आय ॲम इन!" आणि शेजारी समोसा खात बसलेले चारुदत्तकाका म्हणाले, "मी पण!" मी चहा आणत होते. मला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी आपल्या हॉलमध्ये मिटिंग. काका अजमानहून गाडी चालवत येणार, ट्रॅफिकला शिव्या घालत बूट काढणार आणि लगेच, "वहिनी, कडक चहा, यल्ला!" तुझे बाबा ऑफिसात टॉवर बांधायचे बार चार्ट करतात ना, तसा त्यांनी शिकारीचा केला. रंगीत. भिंतीवर लावलाय, अजून आहे. त्यात लिहिलंय, "दिवस चौथा, सकाळ : मूस पडणे." त्या मूसला कुणी कळवलंय का? घोड्याहून उंच जनावर, डोक्यावर परातीएवढी शिंगं, आणि ते यांच्या चार्टप्रमाणे चौथ्या दिवशी सकाळी नाश्ता करून हजर होणार! यांच्या टॉवरांचं एक वेळापत्रक आजवर पाळलं गेलेलं नाही.

मग बूट आले. काकांचे आठशे दिरहॅमचे. "वहिनी, म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये!" हे त्यांनी तीनदा सांगितलं. बूट घालून ते आमच्या गालिच्यावर फिरले, पायाला फोड येऊ नयेत म्हणून. मग व्यायाम. वीस किलोची बासमतीची गोणी पाठीला बांधून जिना चढायचा. काका पहिल्या मजल्यापर्यंत गेले, तिथे गोणी लिफ्टमध्ये ठेवली, चौथ्याचं बटण दाबलं आणि स्वतः मोकळे चढून आले. वर येऊन म्हणतात, "सिस्टीम समजली."

आवाजाचं तर विचारूच नकोस. नर जवळ यावा म्हणून मादीसारखं हंबरायचं असतं, हे बाबांनी कुठेतरी बघितलं आणि बाथरूममध्ये सराव सुरू केला. तिथे आवाज घुमतो म्हणे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रशीदा भाभी दारात. "भाभी, भाईसाब को बहुत तकलीफ है क्या? मेरा बेटा गाड़ी निकालता है, हॉस्पिटल ले चलते हैं." मी काय सांगू त्यांना? सांगितलं, पोट बिघडलंय. बिचाऱ्यांनी संध्याकाळी दहीभात पाठवला, आणि बाबांनी तो खाल्ला!

मार्चमध्ये रंगीत तालीम झाली. दोघे तंबू घेऊन अल कुद्राच्या वाळवंटात मुक्कामाला गेले आणि जेवायच्या वेळेला घरी परत. काय झालं तर खुंट्या वाळूत टिकेनात, आणि एक ओरिक्स आला. तो पांढरा, सरळ शिंगांचा, तुला लहानपणी दाखवलेला, गाईपेक्षा लहान आणि गाईपेक्षा गरीब. तो लांबून बघत उभा राहिला. काका गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी दारं लॉक केली. बाबा बाहेर! हे मला बाबांनीच सांगितलं, हसत हसत. पण तेव्हापासून त्यांचं हंबरणं बंद झालं, हे माझ्या लक्षात आलं. मग एकदा त्यांनी अस्वलाचे व्हिडिओ बघितले. त्यानंतर गुडघा दुखायला लागला. जुलैत काकांच्या ऑफिसला ऑडिट आलं, आणि काका येत नाहीत कळल्यावर तुझे बाबा इतके खूश झाले की त्यांनी मला आइस्क्रीम आणून दिलं. "आता मी एकटा कसा जाणार, अनुराधा? खलास." दोन दिवसांनी तुला व्हिसाचा मेसेज गेला.

घाबरले याचं मला काही नाही. साठीचा माणूस आहे, जन्म फाइलींत गेला. पण सरळ सांगावं की नाही मुलीला? "बेटा, मला भीती वाटते," या चार शब्दांना बार चार्ट लागत नाही.

तुझं उत्तर त्यांनी मला दाखवलं. "नो वरीज बाबा. आय विल गो अलोन." आणि एक हसरं तोंड. बाबा म्हणाले, "बघ, तिला काही वाटलं नाही." मी म्हटलं, तुम्हाला तुमच्या मुलीचं हसरं तोंड कळत नाही. शाळेत पडलीस, कोपर फुटलं, तेव्हाही तू असंच तोंड करून घरी आली होतीस. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही. एकटी, तळ्याकाठी, एवढं मोठं जनावर मारणार, कापणार, एकटीच वाहणार आणि रक्ताचा वास धरून अस्वलं येणार. वेडी आहेस का तू? अक्कल गहाण ठेवलीस का?

हे खोडायला हवं होतं. राहू दे.

एक स्पष्ट लिहिते. मला हे मारणं अजूनही पटत नाही. आपल्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतं, आणि तू हिवाळाभर त्या एका जनावरावर राहतेस. दुकानातल्या मांसापेक्षा हे बरं, असं तू मला समजावलं होतंस. मला समजलं, पटलं नाही. पटल्याचं खोटं बोलणार नाही. घरात खोटं बोलायला दोन माणसं आहेत, पुरे.

तर पिशव्या. मांस ठेवायला यांनी ऑनलाइन जाड प्लास्टिकच्या मागवल्या होत्या, हवाबंद. तू सुती सांगितल्या होत्यास, ते मी चहा देताना ऐकलं होतं. श्रीखंडाचा चक्का कुणी प्लास्टिकमध्ये बांधून टांगतं का? आंबून वास मारेल. मी सांगितलं, तर काका म्हणाले, "वहिनी, हे टेक्निकल आहे." बरं. मी बर दुबईला गेले, मीना बाजारात मांजरपाट घेतलं. दुकानदार विचारतो, "मैडम, इतना? पेटीकोट का धंदा शुरू किया क्या?" मी म्हटलं, हो. आठ पिशव्या शिवून झाल्यात, दुहेरी शिवण, तोंडाला नाडी. एकीत तांदूळ भरून दाराच्या कडीला रात्रभर टांगून बघितली, उसवली नाही.

कशाला शिवल्या, असं तू विचारशील. बसायचं नव्हतं म्हणून शिवल्या, सुट्टीच आहे शाळेला.

आणि तांदळाची गोणीही पडूनच होती. तुझी कॉलेजची सॅक काढली, तीत ती बसते. बाबा ऑफिसला गेले की मी जिन्याने जाते. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर बसून रडायची वेळ आली. आता गच्चीपर्यंत जाते, सात मजले, मध्ये एकदा थांबून. रशीदा भाभींना वाटतं लिफ्ट बिघडली आहे, त्या रोज वॉचमनला झापतात. प्रिन्सिपॉलबाईंकडे सप्टेंबरातली बिनपगारी रजा मागून ठेवलीय. "मुलीकडे जायचंय" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "डिलिव्हरी?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." रागावू नकोस. शिकार म्हटलं असतं तर रजा नसती मिळाली. माझाही व्हिसा आलाय, तुला माहीत नसेल. बाबांनी माझाही फॉर्म भरला होता. तुम्ही जंगलात जाणार आणि मी तुझ्या घरी बसून पोळ्या करून ठेवणार, असं चार्टमध्ये लिहिलंय. हिरव्या रंगात.

कळलं असेल तुला आता. तू काही मठ्ठ नाहीस.

मी अस्वलाला घाबरते. थंडीला घाबरते. तळ्यात उतरणाऱ्या विमानाला तर फारच घाबरते. तू जनावर कापशील तेव्हा मी तिकडे बघणार नाही, पाठ करून उभी राहीन, पण पिशवी धरून उभी राहीन. पाठीवर देशील ते उचलीन. माझा डबा मी घेऊन येईन, मेतकूट आणि गूळपोळ्या टिकतात.

आता खरं. मेमध्ये तू बाबांना एक मोठा मेल केला होतास, तिथे कसं वागायचं त्याचा. त्यात होतं की पहाटेपासून तळ्याकाठी बसायचं आणि बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. माणसाचा आवाज आला की मूस येत नाही, आख्खा दिवस फुकट जातो. बाबांनी ते मला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. चारुदत्तकाका म्हणाले, "बरं झालं वहिनी येत नाहीत!" दोघेही पोट धरून हसले.

मला हसू आलं नाही. मी किचनमध्ये जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या मनात आलं, म्हणजे जगात अशी एक जागा आहे जिथे मी दिवसभर तुझ्या शेजारी बसू शकते आणि माझ्या तोंडून काही बिघडणार नाही. तिथे बोलायचंच नसतं. तू पुढे बघत बसशील, मी तुझ्याकडे बघत बसेन. एवढंच मला हवंय. बाकी ते मूस, ती शिंगं, ते तुमचं जंगल, त्यात मला काडीचा रस नाही.

मी येऊ का?

तुझी इच्छा नसेल तर नाही म्हण. "नाही म्हणालीस तरी चालेल," असं इथे लिहायची पद्धत आहे. मला नाही चालणार. पण तू म्हणू शकतेस, मी पुन्हा विचारणार नाही आणि बाबांना कळू देणार नाही. नुसतं एवढं कर, एकटी जाऊ नकोस. भाड्याने माणूस घे, पण जाऊ नकोस एकटी.

कुरिअरवाला आठवडा लागेल म्हणतोय. उत्तर इंग्लिशमध्ये दे, एका शब्दाचं दे. फोन केलास तर मी उचलीन आणि काही बोलणार नाही. तू बोल.

तुझी,
आई