खडखडणाऱ्या रासबेरी

ह्युऑनव्हिल, टास्मानिया
१४ जानेवारी

लाडक्या लॉर्ना,

सुखरूप पोचले. बाबा ठणठणीत आहेत, तेव्हा मेलबर्नला बसून काळजी करू नकोस. माझ्या मांजराला वेळेवर खायला घालतेस ना?

आता आधी खाली बस. काल बाबांनी फ्रीझरमधून परसातल्या रासबेरींची पिशवी काढली आणि ती चक्क खडखडली! एकेक फळ मण्यासारखं सुटं. आई गेल्यापासून दोन वर्षं आपल्याला नुसत्या लाल विटा मिळत होत्या. फळं आधी ट्रेवर पसरून गोठवा, मग पिशवीत भरा, हे आईने चाळीस वर्षं सांगूनही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे कोणी केलं?"

"मीच."

"काहीतरीच!"

त्यांचे कान लाल झाले. "शेजारच्या नोलाने शिकवलं. एकाला एक चिकटली की फार ओरडते गं ती."

आणि लॉर्ना, हे सांगताना ते खूश होते!

तुझ्यासाठीही एक पिशवी ठेवली आहे. तिच्यावर तुझं नाव आहे, नोलाच्या अक्षरात.

आणू की नको, ते तूच सांग.

तुझी हबकलेली बहीण,
ग्लेंडा